मुशीच्या काठावरची काच

मी मॅट्रिक आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या हातून काही चुकले तर वाचकांना नवल वाटायला नको. माझे वडील दहावीला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यानंतर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, हिंगोलीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहू लागलो. या दोन्ही धंद्यांत एक मोठी सोय आहे. झाड निळे काढले तरी कुणी परीक्षेत नापास करीत नाही, आणि कादंबरीतल्या विधुराचे वय मधल्या प्रकरणात दोन वर्षांनी कमी झाले तरी फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. विज्ञानात तशी सवलत नाही. म्हणून त्या आळीला मी कधी फिरकलोच नाही. एवढेच नव्हे, तर 'आपल्याला बुवा सायन्स कळत नाही' हे वाक्य चारचौघांत काहीशा तोऱ्याने टाकीत असे. जणू काही न कळणे हा कलावंताचा दागिनाच!

हा दागिना गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने मोडला. मोडला कशाला, वाढवला म्हणतो. काचेच्या बाबतीत आपल्याकडे तसेच म्हणायची रीत आहे, आणि हा सगळा मामला काचेचाच होता.

भाची नांदेडला काचेवर संशोधन करते. 'काचेवर' म्हणजे काचेविषयी. आमच्या आक्काचा मात्र पहिले सहा महिने असा समज होता, की पोरगी काचेच्या टेबलावर बसून काहीतरी लिहिते. समज दूर झाल्यावर आक्का अधिकच काळजीत पडली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"तू मामा आहेस. तुझं ऐकते ती. वसमतचं स्थळ आलंय, हळदीचा मोठा व्यापार आहे. तुळशीच्या लग्नाच्या आत हो की नाही ते कळवायचंय. एवढाली पुस्तकं लिहितोस, मग दोन शब्द बोल की तिच्याशी!"

कादंबरीकाराच्या दोन शब्दांवर एवढा विश्वास आजवर कुठल्या प्रकाशकानेही दाखवला नव्हता. मी फुशारून 'हो' म्हटले.

भाची आली ती पेढ्यांचा एक खोका छातीशी धरून. मी आशेने हात पुढे केला. खोक्यात कापूस होता, आणि कापसात कोटाच्या गुंड्यांएवढ्या काचेच्या वीसबावीस चकत्या. काही पाण्यासारख्या, काही मधाच्या रंगाच्या, दोन तर अस्सल गावरान तुपासारख्या पिवळट. प्रत्येकीच्या खाली चिठ्ठी.

"हे तुझं संशोधन?"

"हो. तीन वर्षांचं."

तीन वर्षांत एवढ्याच गुंड्या! मी मनातल्या मनात वसमतच्या हळदीची पोती मोजू लागलो.

त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे आकाशकंदील करायला बसलो होतो. अंगणात बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पतंगी कागद असा पसारा होता. आक्काने दिलेली कामगिरी बजावायला ही वेळ बरी, असे वाटून मी सहज विचारल्यासारखे विचारले, "काय ग, या काचेत असं असतं तरी काय?" माझा बेत असा, की ती काहीतरी अगम्य बोलेल, मग मी सुस्कारा सोडून आयुष्याबद्दल बोलू लागेन. पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने माझ्याच कामट्या हातात घेतल्या.

"मामा, कॅरमवर टाकायची पावडर असते ना, ती बोरिक पावडर. ती तापवली की तिच्यातलं पाणी उडून जातं. उरतं ते वितळवून झटकन थंड केलं की त्याची काच होते. त्या काचेतला बोरॉनचा प्रत्येक अणू तीन ऑक्सिजनना धरून असतो. तिन्ही एकाच पातळीत. असा." तिने तीन कामट्यांची टोके एकत्र बांधून ती जमिनीवर सपाट ठेवली. "असे त्रिकोण एकमेकांना कोपऱ्याकोपऱ्यांत जोडलेले. काही ठिकाणी तीनतीन त्रिकोणांची कडी झालेली."

"म्हणजे रांगोळी."

"हो, रांगोळीच! पण ठिपके चुकलेली. स्फटिकात ठिपके नेमके असतात, काचेत नसतात. झाकारियासेन म्हणून एक नॉर्वेजियन शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३२ साली हे मांडलं. जोडणी तीच, पण नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही."

मास्तर म्हणून मला हे आवडले. ठिपके चुकलेल्या रांगोळ्या मी दरवर्षी ढिगाने तपासतो.

"आता रांगोळी जमिनीला धरून कितीही पक्की असो," ती म्हणाली, "वर उचलायला गेलं तर काही हाती येत नाही. तसंच या काचेचं. नुसती बोरिक काच मऊ असते, हवेतलं पाणी ओढते, नि साध्या वाळूच्या शुद्ध काचेच्या मानानं तिचा ताठपणा जेमतेम पाव. मग आम्ही तिच्यात दुसऱ्या धातूचं ऑक्साइड घालतो. समजा सोडियमचं. ते येताना आपला ऑक्सिजन घेऊन येतं. बोरॉन तो चौथा ऑक्सिजन धरतो, आणि चार हात झाले की त्याला सपाट राहताच येत नाही." तिने तीन कामट्यांना चौथी उभी बांधली, आणि त्या चारही आपोआप पसरून तिपाईसारख्या उभ्या राहिल्या. "रांगोळीचा आकाशकंदील होतो."

मी त्या कामट्यांकडे पाहत राहिलो. गेली पंचवीस वर्षे मी आकाशकंदील करतो आहे. सपाट चौकट हलते आणि चौथी काडी आडवी गेली की ती ताठ होते, हे माझ्या बोटांना ठाऊक होते; मलाच ठाऊक नव्हते.

"मग भरपूर सोडियम घालावं की!"

"तिथंच गंमत आहे. शंभरात तीसपस्तीसपर्यंत घालाल तोवर काच ताठ होत जाते. त्याच्या पुढं उलटं. नवा ऑक्सिजन येतो, पण दोन बोरॉनना जोडायच्या ऐवजी एकालाच धरून दुसऱ्या टोकानं लोंबत राहतो." तिने कंदिलाच्या शेपटीच्या झिरमिळ्या हातात धरल्या. "अशा. झिरमिळ्या वाढल्या की सांगाडा ढिला पडतो. याला बोरॉनची विसंगती म्हणतात. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात फिलिप ब्रे यांनी चुंबकाच्या साहाय्यानं तीन हातांचे किती नि चार हातांचे किती, हे मोजून दाखवलं. तोवर नुसता तर्क होता."

आता कबूल करतो. माझ्यातला कादंबरीकार इथे टुणकन उडी मारून उठला. थोडे घातले की घट्ट, फार घातले की ढिले! केवढी उपमा! संसार, पैसा, सासरचे पाहुणे, काय वाटेल ते या सूत्रात बसत होते, आणि वसमतच्या स्थळाकडे जायचा राजमार्गच मोकळा झाला होता. मी घसा साफ केला.

"मामा," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कादंबरी करू नका हं. काचेला काही म्हणायचं नसतं."

मी खळीत बोट बुडवले आणि कागद चिकटवू लागलो.

पुढे तिने सांगितले ते मला अर्धेमुर्धेच कळले. तिच्या काचांत जस्त आणि बिस्मथ यांची ऑक्साइडे आहेत. बिस्मथ भारी वजनाचे, शिशाच्या शेजारचे. ते भरपूर घातले की काच जड होते, पण तिच्यातून जाणारा आवाज मंदावतो. हो, आवाज! स्थितिस्थापकता म्हटले की मला रबर आठवते. पण शास्त्राच्या हिशेबी ज्याला दाबायला जोर लागतो ते अधिक स्थितिस्थापक, आणि त्या हिशेबाने काच रबराला कुठल्या कुठे मागे टाकते. ती मोजायची कशी? वाकवून नव्हे, वाजवून. चकतीच्या पाठीला स्फटिकाचा तुकडा चिकटवायचा, सेकंदाला पन्नास लाख वेळा कंप पावणारा ध्वनी तिच्यातून धाडायचा, आणि तो पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. नुसत्या बोरिक काचेत साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि चार हातांची काच झाली की पाच किलोमीटरच्या वर. त्या वेगाचा वर्ग करून काचेच्या घनतेने गुणले की ताठपणाचा आकडा मिळतो.

"आणि घनता?"

"आर्किमिडीजची रीत. फक्त पाण्याच्या जागी झायलीन घ्यायचं. ही काच पाणी पिते ना."

आर्किमिडीजचे नाव ऐकले आणि माझा हात थांबला. त्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. राजाचा मुकुट, हौदातून उठून 'युरेका' म्हणत धावणे, मुले हसतात. मला ती गोष्ट कधीच हसून वाचता आली नाही. तिच्यात एक सोनार आहे. त्याने सोन्यात चांदी मिसळली असा राजाला संशय येतो. गोष्टीत त्या सोनाराला नाव नाही, आणि त्याचे पुढे काय झाले तेही आमच्या पुस्तकात नव्हते.

माझे वडील सोनार होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. घराच्या ओसरीवरच त्यांचे दुकान. बागेसरीतला निखारा, फुंकणी, सांडस, ऐरण, कसोटीचा काळा दगड, आणि एका चपट्या डबीत सवागी. सवागी म्हणजे टाकणखार, संस्कृतातले टंकण. एकेकाळी ती तिबेटातून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली येई, आणि आपल्या टंकण शब्दावरूनच तिला युरोपच्या बाजारात 'टिंकल' हे नाव पडले. हे सारे भाचीनेच सांगितले. अण्णांना एवढेच ठाऊक होते, की सोने आटवताना मुशीत चिमूटभर सवागी टाकली की ती फुगते, मग वितळते आणि सोन्यावरचा मळ गिळून टाकते. 'सवागी सोन्याला आंघोळ घालते,' असे ते म्हणत. मूस थंड झाली की तिच्या काठावर हिरव्यानिळ्या काचेचा पातळ थर चकाकत असे. लहानपणी मला तो सोन्याहून आवडे. चित्रकलेचा मास्तर होण्याचे बीज तिथेच पडले असावे.

१९९५ची दिवाळी. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमचा जिल्हा १९९९च्या महाराष्ट्रदिनी झाला. गावातल्या एका मोठ्या घराने जुने सोने आटवून बोरमाळ करायला दिली होती. माळ नेली, आणि दोन दिवसांनी त्या घरातली चार माणसे ओसरीवर आली. दुसरीकडे कस लावून पाहिला तर कमी भरतो; तांबे घातले, असे त्यांचे म्हणणे. आवाज चढले, रस्त्यावर माणसे थांबली. अण्णा म्हणाले, "जुन्यातच होतं ते. मी आटवून जेवढं निघालं तेवढं काढलं." कुणी ऐकले नाही. शेवटी अण्णांनी फरक स्वतःच्या पदरचा भरून दिला. भरून दिला, म्हणजे चोरी कबूल केली, असा गावाने अर्थ लावला.

वर्षभरात ओसरीवर येणारी माणसे कमी झाली. मी मॅट्रिकला होतो. अण्णांची इच्छा मी ऐरणीवर बसावे अशी. मी बसलो नाही. कारण सांगितले ते चित्रकलेचे. खरे कारण वर्गात मागच्या बाकावरून येणारा एक शब्द होता: 'तांब्या'. पुढे अण्णा तेरा वर्षे जगले. एका घरात राहून, एका ताटलीत शेंगदाणे खाऊन, मी त्यांना कधी विचारले नाही. विचारायला हवे होते असे आता वाटते. पण विचारले असते आणि त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले असते तर?

हे सगळे मी त्या दुपारी भाचीला सांगितले. आजवर बायकोलाही इतके सलग सांगितले नव्हते. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "मूस आहे का?"

मूस माळ्यावर होती. अण्णांची शेवटची, जुनी कापडात बांधलेली. तिने ती उजेडात धरली. काठावर तोच थर, हिरवानिळा, कुठे कुठे ओल लागून पांढुरका झालेला. "ही पण बोरेट काचच आहे, मामा," ती हळूच म्हणाली. "धातूचं ऑक्साइड घातलेली. मी भट्टीत करते तीच. अण्णाआजोबा माझ्या आधी करत होते."

भाऊबीजेला तिने ओवाळणी घेतली नाही. त्या थराची गव्हाएवढी कपची तेवढी कागदात बांधून नेली.

जाण्याआधी पाडव्याला आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. एसटीत तिने खिडकीतून दुधाळ्याच्या दिशेला बोट दाखवले. तिथे लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चारचार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, टोकाला आरसे, आणि मधून लेसरचा किरण. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर प्रथम सापडली. सव्वाशे कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून ती आली, आणि आरसे हलले ते अणुगर्भातल्या प्रोटॉनच्या रुंदीच्या एका बारीकशा अंशाने. पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी असल्या लहरी ओळखण्याच्या गणितावर १९८०च्या दशकाअखेरीपासून काम करीत आले. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि नेहमीप्रमाणे 'आपल्याला बुवा' म्हणून पान उलटले होते.

"पण मामा, आरसा कशाचा आहे माहीत आहे? काचेचा. चाळीस किलोचा, शुद्ध सिलिकेचा, आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या काचेच्याच धाग्यांना टांगलेला. त्याच्यावर पातळ पातळ थर दिलेले असतात. त्यातला एक थर टँटलम ऑक्साइडचा. तो आतल्या आत कुरकुरतो. त्याचे अणू उष्णतेनं जागा बदलतात, नि आरशाचा पृष्ठभाग थरथरतो. म्हणून त्याच्यात टायटॅनियमचं ऑक्साइड मिसळलं. कुरकुर कमी झाली."

म्हणजे पुन्हा तेच! एका ऑक्साइडात दुसरे घालायचे आणि काच काय म्हणते ते ऐकायचे. बोरॉन तिथे नव्हता. पण आमच्या ओसरीपासून पाऊण तासाच्या रस्त्यावर हा उद्योग येतो आहे, याचे मला त्या एसटीत प्रथमच खरे वाटले. भाचीला तिथे काम मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. तीही काही बोलली नाही. फक्त दर्शन घेऊन परतताना पुन्हा त्याच खिडकीशी बसली.

स्थळाचे काय झाले, असे आतापर्यंत निम्म्या वाचकांच्या मनात आले असेल. मी बोललोच नाही. आक्काला मात्र 'बोललो' म्हणून सांगितले. भाचीने स्वतःच त्या मंडळींना फोन करून दोन वर्षे थांबायची तयारी विचारली. त्यांची नव्हती. आक्का माझ्याशी संक्रांतीपर्यंत अबोला धरून होती; तिळगूळ दिला तोही शेजारच्या मुलाच्या हाती.

मार्चमध्ये भाची आली. नेमकी आक्काही आलेली होती. भाचीने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर डोंगराच्या सुळक्यांसारखी एक रेघ होती आणि प्रत्येक सुळक्यावर एकेक अक्षर. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली कपची ठेवली, की तिच्यातली मूलद्रव्ये आपापल्या क्ष-किरणांनी ओळख देतात म्हणे.

"हे सिलिकॉन नि ॲल्युमिनियम, ही मुशीची माती. हे सोडियम, सवागीतलं. बोरॉन या यंत्राला धड दिसत नाही, फार हलका आहे. हे थोडं लोखंड. आणि हे..." तिचे बोट सर्वांत उंच नव्हे, पण चांगल्याच ठसठशीत सुळक्यावर थांबले. "तांबं."

खोलीत कुणी बोलेना. आक्काने पदर तोंडाशी नेला. तिलाही तो शब्द शाळेत ऐकावा लागला होता. मला हे तेव्हाच कळले.

"मग खरं होतं तर," मी म्हणालो.

"मामा, नीट ऐका. सोनं हवेत तापवलं तरी त्याचं ऑक्साइड होत नाही. तांब्याचं होतं, आणि ते सवागीच्या काचेत विरघळतं. काचेतलं तांबं म्हणजे सोन्यातून बाहेर आलेलं तांबं. अण्णाआजोबा म्हणाले होते ना, निघालं तेवढं काढलं? ते निघालेलं हे."

"म्हणजे त्यांनी घातलं नव्हतं?"

ती गप्प राहिली. खोटे बोलणे तिला किती सोपे होते! मी तिच्या जागी असतो तर एक प्रकरण वाढवून अण्णांना निर्दोष सोडले असते, आणि वाचकांनी डोळे पुसले असते.

"ते काच सांगू शकत नाही," ती म्हणाली. "ही मूस त्याच माळेची, हेही आपल्याला माहीत नाही. शंभर वेळा सोनं आटलं असेल हिच्यात. तांबं बाहेर आलं एवढं नक्की. आत कसं गेलं, कुणाच्या हातानं, ते तिच्यात लिहिलेलं नाही."

मी कागद घेऊन कितीतरी वेळ पाहत बसलो. रेघ चांगली होती. कुठेही हात थरथरलेला नव्हता.

आक्का उठली. कोनाड्यातली मूस तिने खाली घेतली, मांडीवर ठेवली आणि माझ्याशी संक्रांतीनंतरचे पहिले धड वाक्य बोलली, "किती धूळ बसलीय रे हिच्यावर. जरा ओलं फडकं दे."

"आई, ओलं नको!" भाची ओरडली. "पाणी पिते ती."

"बरं बाई," असे म्हणून आक्काने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि ती कोरडेच पुसू लागली.